सशाच्या वेताचे पहिले बेचाळीस दिवस

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर तत्त्वज्ञान, अर्थकारण, इतिहास, साहित्य असे भारदस्त विषय येत आले आहेत. पेण आणि रोहा या तालुक्यांना तर भारदस्त विचारांची सवयच आहे म्हणावयाची. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्याचा. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा १९२० साली रोह्याचा. अशा मुलखातल्या श्रोत्यांपुढे सशाच्या पिल्लांना काय खाऊ घालावे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु पशुपालन हाही शास्त्राचाच एक भाग आहे, आणि ज्या जिवाला आपण आपल्या दारात बांधून घेतो त्याची भूक कशी भागते हे जाणून घेणे कोणत्याही विचारवंताला कमीपणा आणणारे नाही.

गोष्ट नेहमी एकाच रीतीने घडते. मुलांच्या हट्टासाठी कोणी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून पांढऱ्या सशांची जोडी आणतो, किंवा जोडधंदा म्हणून कोणी मोठ्या जातीचे पाच-सहा ससे घेतो. काही महिन्यांनी मादी विते. आठ पिल्ले होतात, घर आनंदून जाते, शेजारची मुले पाहावयास येतात. तिसऱ्या दिवशी पाच उरतात, आठव्या दिवशी तीन. आणि ती तीन कशीबशी महिन्याची झाली की एका पावसाळी सकाळी पोट फुगून पडलेली आढळतात. मग कोणी म्हणतो, आईने टाकली. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. आणि जरा शिकलेला असेल तो म्हणतो, कोकणच्या हवेत ससा जगत नाही. यांपैकी शेवटच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. त्याकडे आपण पुढे वळू. पण बहुतेक पिल्ले ज्या कारणांनी मरतात ती कारणे ठाऊक झालेली आहेत आणि त्यांतली बरीचशी टाळता येण्यासारखी आहेत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांना ‘ससा’ या एकाच नावाने हाक मारतो. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा, ज्याच्यामुळे चंद्राला शशांक हे नाव पडले, आणि जो आपल्या माळरानांतून संध्याकाळी टुणकन उडी मारून पसार होतो, तो रानससा. पिंजऱ्यातला पांढरा किंवा करडा ससा हा मुळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. दोघांचे कूळ एक असले तरी गोत्र वेगळे. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, पाळीव सशाच्या ४४. त्यामुळे त्यांचा संकर होत नाही. रानसशाचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते व थोड्याच वेळात हालचाल करू लागते. पाळीव सशाचे पिल्लू जन्मते तेव्हा ते उघडेनागडे, आंधळे आणि बहिरे असते. अंगठ्याएवढा गुलाबी मांसाचा गोळाच तो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. पावसाळा संपून गवताची कापणी सुरू झाली, किंवा राबासाठी पालापाचोळा गोळा करू लागले, की एखादे रानसशाचे पिल्लू एकटेच दबा धरून बसलेले सापडते. आई नाही म्हणून दयाळू माणसे ते घरी आणतात. वस्तुतः ते टाकलेले नसते. रानससीण आपली पिल्ले मुद्दाम वेगवेगळ्या जागी लपवून ठेवते आणि अंधार पडू लागला की येऊन पाजून जाते. अशा पिल्लाला जागच्या जागी राहू देणे हीच खरी दया होय. शिवाय रानससा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून तो पाळणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. येथून पुढे मी बोलणार आहे तो फक्त पाळीव सशाविषयी.

मोठ्या जातीचा म्हणजे केवढा, तर पूर्ण वाढ झाल्यावर चार-पाच किलो भरणारा. फ्लेमिश जायंट ही बेल्जियमकडची जात त्याहूनही मोठी होते. आपल्या देशात व्हाइट जायंट, ग्रे जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या नावांच्या जाती प्रसिद्ध आहेत. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सशांवरही काम करते, आणि व्हाइट जायंट व सोव्हिएत चिंचिला या जाती तिच्या तमिळनाडूतील केंद्रात जोपासल्या गेल्या आहेत. हे केंद्र कोडाईकनालच्या डोंगरात, मन्नवनूर येथे, थंड हवेत आहे. ज्याने हे एवढे ऐकले त्याला पेण आणि रोह्याची अडचण निम्मी तरी उमगली असेल.

ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही. त्याचे लांब कान हीच त्याची उष्णता बाहेर टाकण्याची खिडकी, आणि हवाच तापलेली असेल तर त्या खिडकीतून काहीच बाहेर जात नाही. पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस ही त्याची सुखाची हवा. तिशी ओलांडली की तो खाणे कमी करतो आणि नराचे वीर्य कित्येक आठवडे निकामी होऊ शकते. पस्तिशीच्या पुढे, विशेषतः दमट हवेत, गाभण मादी दगावण्याची भीती असते. शरीर जितके मोठे तितकी ही अडचणही मोठी, म्हणून थोराड जातीला ती अधिक भोगावी लागते. पेण मिऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आणि रोहा कुंडलिकेच्या खोऱ्यात वसलेले आहे. समुद्र जवळ असूनही अलिबागसारखा मोकळा वारा येथे नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या छपराखाली काय होते ते सांगावयास नको. म्हणून या भागात मादी ऑक्टोबर ते जानेवारी या काळातच लावावी, म्हणजे वेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येते आणि पिल्ले उन्हाळा तापण्यापूर्वी आईपासून सुटतात. सशाची मादी गाई-म्हशीप्रमाणे ठरावीक दिवशी माजावर येत नाही; नराचा संग झाल्यावर दहाएक तासांनी तिचे बीज सुटते. त्यामुळे महिना निवडणे पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हाती असते. थोराड जातीची मादी मात्र सात-आठ महिन्यांची झाल्याशिवाय लावू नये. ती अंगाने मोठी दिसते तेव्हाही आतून पोरच असते.

गर्भाचा काळ सुमारे एकतीस दिवसांचा. अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात विण्याची पेटी ठेवावी. बाजारातून विकत आणण्याचे कारण नाही; आंब्याची जुनी लाकडी पेटी मिळाली तर उत्तम. तिच्या फटी आतून गोणपाटाने बुजवाव्यात, तळाशी पाणी निचरण्यापुरती भोके ठेवावीत, आणि एका बाजूची फळी मादीला आत-बाहेर करता येईल इतकी, म्हणजे वीतभर उंच ठेवावी. ही वीत फार महत्त्वाची आहे. पिल्लू आचळाला चिकटून असता मादी उडी मारून बाहेर आली तर ते फळीला अडकून आतच पडते. बाहेर पडले तर गेलेच, कारण मांजरी आपले पिल्लू तोंडात धरून परत नेते तसे सशीण कधीच करीत नाही. बिळात राहणाऱ्या प्राण्याला ती गरजच कधी पडली नाही. पेटीत भाताच्या तुसाचा थर आणि त्यावर हाताने चोळून मऊ केलेला पेंढा किंवा सुकी दूर्वा घालावी. उरलेले मादी स्वतः करते. विण्यापूर्वी थोडा वेळ ती आपल्या गळ्याखालचे आणि पोटावरचे केस उपटून घरटे भरते. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. केसांनी पिल्ले झाकली जातात आणि आचळेही मोकळी होतात.

सशीण बहुधा रात्री किंवा पहाटे विते. सकाळी तिला थोडा हिरवा पाला घालून बाजूला गुंतवावे, आणि पेटीतील केस हलकेच सारून पिल्ले मोजावीत. मेलेले असेल ते काढावे. हात लावला की आई पिल्ले टाकते ही समजूत पाळीव सशाच्या बाबतीत खरी नाही. रोज चारा घालणाऱ्या हाताचा वास तिला परिचयाचाच असतो. पाहिजे तर तिच्याच अंथरुणातले गवत हातावर चोळून घ्यावे. आई पिल्ले खाते असे कानांवर येते, ते मात्र क्वचित घडते. त्यामागे बहुधा पहिल्या वेताची भेदरलेली मादी, रात्री पिंजऱ्याभोवती फिरणारे उंदीर किंवा कुत्रे, दिवाळीचे फटाके, नाही तर पाण्याचे रिकामे भांडे असते. पुष्कळदा ती मेलेले पिल्लूच खाऊन जागा स्वच्छ करीत असते. पहिले वेत बिघडले म्हणून मादी विकून टाकण्याची घाई करू नये. दुसऱ्या वेताला तीच चांगली आई होते असा पुष्कळांचा अनुभव आहे.

जन्मलेले पिल्लू साठ-सत्तर ग्रॅमचे असते आणि त्याला घरट्यात तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते. आईला मात्र पंचविशीच्या आतली हवा हवी. या दोन गरजांचा मेळ घालणे हेच आपल्याकडच्या संगोपनातले खरे कौशल्य. घर हवेशीर आणि थंड, पण घरटे कोरडे आणि उबदार, असे जमले पाहिजे. डिसेंबरच्या रात्री केसांचे पांघरूण पुरेसे नसेल तर कापूस घालू नये, त्याचे धागे पायांत अडकतात. दुसऱ्या मादीचे जपून ठेवलेले केस घालावेत. मार्चमध्ये उलट करावे, दुपारी वरचे केस थोडे बाजूला सारावेत. पिल्ले एकमेकांना बिलगून गठ्ठा करून असतील तर ती समाधानी आहेत. पेटीभर विखुरली असतील तर उकडते आहे. आणि गठ्ठा करूनही वळवळत किरकिरत असतील तर भूक आहे. थंड पडलेले पिल्लू सापडले तर आधी उबवावे आणि मगच आईजवळ न्यावे. गारठलेल्या पोटात दूध गेले तरी पचत नाही.

आता दूध पाजण्याकडे वळू, कारण नवशिक्याची सर्वांत मोठी भीती येथेच असते. दिवसभर पाहिले तरी सशीण पिल्लांजवळ जाताना दिसत नाही. ती पेटीपासून दूर, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला निवांत बसलेली असते. ही आई निष्ठुर आहे असे ठरवून लोक पिल्ले बाहेर काढतात, बाटली आणतात, गाईचे दूध सुरू करतात, आणि जगणारी पिल्ले मारून बसतात. वस्तुतः सशीण चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटेच. रानात तिच्या वंशाला कोल्ह्या-मांजरांची भीती. आई बिळाशी बसून राहिली तर तिचा वासच शत्रूला वाट दाखवील. म्हणून ती येते, पाजते, बिळाचे तोंड मातीने बंद करते आणि निघून जाते. पिंजऱ्यात माती नसते, शत्रूही नसतो, पण स्वभाव तोच राहिला आहे.

तीन-चार मिनिटांत आंधळी पिल्ले आचळ कसे शोधतात याचे उत्तर फ्रान्समधील दिजाँ येथील शास्त्रज्ञांनी २००३ साली दिले. सशिणीच्या दुधात एक गंधद्रव्य असते. त्याचा वास नाकात शिरताच पिल्लू मान हलवीत, तोंड उघडून, धडपडत आचळाकडे झेपावते. हे त्याला शिकवावे लागत नाही. आणि जे दूध मिळते त्याची ताकद पाहावी. गाईच्या दुधात सुमारे चार टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सात. सशिणीच्या दुधात बारा-तेरा टक्के. प्रथिने गाईच्या दुधाच्या तिपटीहून जास्त. उलट दुग्धशर्करा फार थोडी, गाईच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी. दिवसातून एकदा जेवून पिल्लू सहा-सात दिवसांत वजनाने दुप्पट कसे होते, याचा उलगडा या आकड्यांत आहे. गाईच्या दुधावर ते का जगत नाही याचाही. साखर जास्त, स्निग्धांश कमी. पिल्लू भुकेलेही राहते आणि हगवणीने बेजारही होते.

पिल्लाचे पोट पाहून त्याचे जेवण ओळखता येते. पाजल्यावर पोट चेंडूसारखे तट्ट फुगते आणि पातळ कातडीतून आतले पांढरे दूध स्पष्ट दिसते. पोटाला सुरकुत्या आणि कातडी सैल, असे पिल्लू लागोपाठ दोन दिवस दिसले तर ते उपाशी आहे. सोनाराकडे असतो तसला लहान काटा घरात असेल तर रोज एकदा तोलावे. डोळ्यांपेक्षा काटा अधिक खरे सांगतो. पिल्ले आचळांपेक्षा जास्त असतील, म्हणजे आठ-दहांच्या पुढे असतील, तर जास्तीची पिल्ले त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या पेटीत घालावीत. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत हे सहज जमते. याचसाठी दोन माद्या एकाच दिवशी लावण्याची पद्धत शहाणपणाची आहे. मादी पेटीत जातच नसेल तर तिला हळूच धरून रोज एका ठरावीक वेळी पिल्लांवर उभे करावे; तीन-चार दिवसांत ती आपणहून जाऊ लागते. एवढे सगळे करूनही आई नसलेलीच पिल्ले हाती राहिली, तर शेळीचे दूध त्यातल्या त्यात बरे. ते कोमट करून, सुई काढलेल्या पिचकारीने, पिल्लाला पोटावर धरून थेंब-थेंब द्यावे. पाठीवर उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात एका वेळी अडीच ते पाच मिलिलिटर, दिवसातून दोनदा. पुढे हळूहळू वाढवावे. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखाली हलकेच पुसावे, म्हणजे लघवी होते. इतके करूनही निम्मी जगली तर यश मानावे.

या दिवसांत पिल्लांचा शत्रू बाहेरूनही येतो. कोकणात उंदीर, घूस, मुंगूस, धामण यांना पिल्लांचा पत्ता फार लवकर लागतो; म्हणून जाळी बोट न शिरेल इतकी बारीक असावी. त्याहून कपटी शत्रू म्हणजे मुंग्या. सांडलेल्या दुधाच्या वासाने त्या रात्रीत पेटी गाठतात आणि उघड्या अंगाच्या पिल्लांना पळता येत नाही. पिंजऱ्याचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या कपाटासाठी आपल्या आज्या हेच करीत असत.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर लव दिसू लागते. दहा ते बारा दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही एखादा डोळा चिकटलेला असेल तर उकळून निववलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसावा. आत पू साचला तर डोळा जातो. पंधराव्या दिवसानंतर पिल्ले पेटीबाहेर डोकावतात, अठराव्या-विसाव्या दिवशी आईच्या चाऱ्यातली काडी चघळू लागतात. हाच काळ पाहणाऱ्याला सर्वांत गोड वाटतो, आणि धोक्याचे दुसरे पर्व येथूनच सुरू होते.

का, ते समजण्यासाठी सशाच्या पोटात डोकवावे लागेल. गाय चारा आधी आंबवते आणि मग पचवते. सशाचे उलट आहे. त्याचे आंबवण्याचे पिंप आतड्याच्या शेवटाकडे असते, आणि मोठ्या सशात ते जठरापेक्षाही मोठे असते. त्यात असंख्य जिवाणू गवताचा चोथा मोडून त्यातून जीवनसत्त्वे आणि प्रथिने तयार करतात. पण हा माल तयार होतो तो पचनाची जागा मागे टाकल्यावर. म्हणून ससा एक युक्ती करतो. नेहमीच्या कोरड्या लेंड्यांखेरीज तो मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकतो आणि त्या थेट गुदद्वारापाशीच तोंड नेऊन खातो. १८८२ साली मोरो या फ्रेंच पशुवैद्याने याचे वर्णन केले. आपल्याला ही गोष्ट किळसवाणी वाटते. पण गाईच्या रवंथाचेच हे दुसरे रूप आहे.

पिल्लाच्या आतड्यात हे जिवाणू जन्मतः नसतात. आईच्या दुधातील काही स्निग्धाम्ले रोगजंतूंना आवर घालतात, आणि दूध चालू असेपर्यंत पिल्लू त्या संरक्षणाखाली असते. आई पेटीत काही लेंड्या टाकून जाते, पिल्ले त्या कुरतडतात आणि जिवाणूंचे विरजण त्यांना मिळते. ते नीट लागण्यास तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत वेळ लागतो. आईचे दूध विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते, नंतर ओसरते. म्हणजे एक आधार कमी होत असताना दुसरा पुरता उभा राहिलेला नसतो. नेमक्या या संधिकाळात मुले पिल्लांना बिस्किट, पाव, शिळा भात, केळे, गाजर घालतात. पिष्ट आणि साखर त्या कच्च्या पिंपात जाऊन पडतात, भलतेच जंतू माजतात, पोट फुगते, आणि ससा ओकू शकत नसल्यामुळे आत गेलेले बाहेर काढण्याचा मार्ग त्याला नसतो. बाजारात विकली जाणारी ‘गोजिरवाणी’ पिल्ले पुष्कळदा जेमतेम महिन्याची असतात. ती घरी आणल्यावर आठ दिवसांत का मरतात, हे आता निराळे सांगावयास नको. गाजराचा आणि सशाचा संबंध चित्रांतून आलेला आहे. मोठ्या सशाला त्याचा एखादा तुकडा चालतो, पिल्लाला नाही.

मग द्यावे काय? सुके गवत, हे पहिले उत्तर; आणि दुसरेही तेच. पेण म्हणजे गणपतींचे गाव. त्या गणपतीला प्रिय असलेली दूर्वा सशालाही प्रिय आहे आणि त्याला मानवतेही. ती कापून सावलीत सुकवावी. शाडूची मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत सुकवतात, तसेच येथेही. कडक उन्हात पानांचा कस जातो. पिल्ले गवताला सरावली की तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून थोडा कोमेजलेला हिरवा पाला चालू करावा: लसूणघास, शेवगा, हदगा, जास्वंद, रताळ्याचे वेल. सुबाभूळ थोडाच द्यावा, त्यातील विषारी द्रव्याने केस गळतात. घाणेरी, कण्हेर, एरंड, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला कधीही नको. भात निघाल्यावर आपल्या शेतांत जो वाल होतो, त्याच्या शेंगा माणसांनी पोपटीत उडवाव्यात. वाळलेला निरोगी पाला सशांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.

दूध पाजणाऱ्या थोराड मादीला नुसत्या गवतावर भागत नाही. मक्याचा भरडा ३० भाग, गव्हाचा कोंडा ३०, शेंगदाण्याची पेंड २०, हरभऱ्याची चुणी १८, क्षारमिश्रण दीड आणि मीठ अर्धा भाग, असे आंबोण रोज दीडशे ते दोनशे ग्रॅम द्यावे. यात प्रथिने सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत पडतात. पिल्ले खाऊ लागली की तेच हळूहळू वाढवीत जावे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते दुप्पट-अडीचपट होते. पेंड आणि मका मात्र वास घेऊन घ्यावेत. आपल्या दमट हवेत त्यांवर बुरशी येते, आणि तिचे विष सशाला फार लवकर बाधते. गुराला चालेल अशी कुबट पेंड सशाला चालत नाही. पाणी तर मोजूच नये. पाजणारी मादी गरमीत दिवसाला लिटरभर पाणी पिते. खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात माणसांनाच गोड पाण्याची चणचण असते. तेथे सशाचे वेत उन्हाळ्यात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे दोन सूचना घाईत नव्हे, तर ठासून सांगावयाच्या आहेत. कोंबड्यांचे तयार खाद्य आपल्या भागात सगळीकडे मिळते आणि स्वस्तही पडते. ते सशांना घालू नये. त्यात कोंबड्यांच्या रोगावरची काही औषधे मिसळलेली असतात आणि त्यांतील काही सशाला विषासमान आहेत. दुसरे, पिल्लू सुस्त दिसले म्हणून घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी पाण्यात विरघळवून पाजू नये. ती आतड्यातील उपयोगी जिवाणू मारते आणि त्या मोकळ्या जागेत विषारी जंतू वाढून ससा दगावतो. औषध पशुवैद्याच्याच सल्ल्याने द्यावे.

राहिला पाऊस. या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात वाढत्या पिल्लांचा मोठा काळ म्हणजे कॉक्सिडिया नावाचे आतड्यातील सूक्ष्म परजीवी. त्यांची अंडी लेंडीतून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात, आणि पिकल्यावर पोटात गेली तर पिल्लाला हगवण लागून ते वाळत जाते. ससा आपल्या मऊ लेंड्या ताज्याच खातो, म्हणून त्यांतून ही बाधा होत नाही. होते ती पिंजऱ्यात साचलेल्या घाणीतून. उपाय या हिशेबातूनच निघतो: लेंड्या दोन दिवस मुक्कामाला राहूच द्यावयाच्या नाहीत. पिंजरा जमिनीपासून तीन फूट उंच, तळाला लेंडी खाली पडेल अशी जाळी, आणि रोज झाडलोट. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावा. पावसात भिजलेले गवत पसरून, पाणी निथळवून मगच घालावे. जाळीवर थोराड सशाचे तळपाय मात्र सोलून निघतात. पाच किलोचे ओझे तारेवर पेलावयाचे असते, म्हणून बसावयास एक गुळगुळीत फळी आत ठेवावी आणि तीही रोज धुवावी.

या धंद्यात पैसा किती, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जोड्या विकत घ्या, पिल्ले आम्ही परत घेऊ, असे सांगणारा भेटला तर त्याची पिल्ले शेवटी खातो कोण किंवा पाळतो कोण, हे आधी विचारावे. ग्राहक दिसत नसेल तर चार माद्यांवर थांबावे. मादी व्याल्याच दिवशी पुन्हा लावता येते, म्हणून ती तशी लावणारेही आहेत. दूध आणि गर्भ ही दोन्ही ओझी एका पोटावर टाकणे मला पटत नाही, आणि कोकणच्या हवेत ते मादीला झेपतही नाही. तांत्रिक सल्ल्यासाठी रोह्याजवळ किल्ला येथे कृषि विज्ञान केंद्र आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना आहे. वेताच्या आधीच तेथे ओळख करून ठेवावी.

थोराड जातीची पिल्ले सहा आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवावीत. नीट वाढलेले पिल्लू तोवर पाऊण किलोच्या आसपास भरते. वेगळे करताना पिल्ले हलवू नयेत, आईला हलवावे. ओळखीचा पिंजरा, ओळखीचे भांडे आणि ओळखीची भावंडे राहिली म्हणजे दूध तुटण्याचा धक्का निम्मा होतो. त्या आठवड्यात चारा बदलू नये, आंबोण थोडे कमीच ठेवावे, सुके गवत भरपूर टाकावे. आईचे आंबोणही दोन-तीन दिवस उतरवावे, म्हणजे पान्हा आटतो आणि आचळे सुजत नाहीत. बारा आठवड्यांच्या आत नर-माद्या निवडून वेगळ्या कराव्यात. विण्याची पेटी पिल्ले बाहेर राहू लागताच काढून घेतलेली असते. ती घासून, गोणपाट जाळून, चार दिवस कडक उन्हात टाकावी आणि पुढल्या दिवाळीपर्यंत माळ्यावर उपडी ठेवून द्यावी.